पोपट आजारी पडला की पोरगी जेवत नाही

प्रश्न : पोरगी नववीत आहे. शाळेत आलेल्या एका संस्थेने मन मोकळं करायला म्हणून एक गेम दिला. त्यात पोपट पाळायचा आणि रोज संध्याकाळी 'आज कसं वाटतंय' ते लिहायचं. एक दिवस खाडा झाला की पोपट आजारी पडतो. घरात मोबाइल एकच, यांचा. कापूस वेचणीत हे अंधार पडल्यावर वावरातून येतात, तोवर हिचा जीव थाऱ्यावर नसतो. पोपट आजारी दिसला की जेवत नाही. परवा तिने लिहिलेलं धाकट्याने सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. हे म्हणतात, काढून टाक. काढू का?
– एक आई, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, काढायचा की नाही ते लेकीला विचारून ठरवा. परस्पर काढलात तर पोपट आपण मारला असं तिच्या मनात बसेल.

पण खोट तिच्यात नाही, गेममध्ये आहे. 'तू आली नाहीस म्हणून मुका जीव आजारी पडला' ही सरळ धमकी झाली. करमणुकीच्या गेममध्ये पोरांनी रोज यावं म्हणून अशा क्लृप्त्या सर्रास असतात. मनाच्या आरोग्याच्या नावाखाली त्या कशाला? उदास पोर तसंही सगळा दोष स्वतःकडे घेतं. शिवाय प्रत्येक पोराकडे स्वतःचा फोन आहे, असं बनवणाऱ्याने धरलंय. वावरात गेलेला फोन त्याच्या हिशेबात नाही.

न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात 'स्पार्क्स' नावाचा गेम तयार झाला. निराश विचार त्यात उडत्या किड्यांसारखे अंगावर येतात, त्यांना परतवायचं. 12 ते 19 वयाच्या 187 मुलांवरची त्याची चाचणी 2012 मध्ये प्रसिद्ध झाली. सौम्य ते मध्यम नैराश्यात तो नेहमीच्या उपचारांच्या तोडीस तोड ठरला. मला त्यातलं आवडतं ते हे, की सात टप्पे झाले की तो संपतो. पोराला बांधून ठेवत नाही.

धाकट्याचं प्रकरण मला पोपटापेक्षा गंभीर वाटतं. डेटा संरक्षणाच्या 2023 च्या कायद्यात अठराच्या आतल्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. तुम्हाला कुणी विचारलं होतं का? लिहिलेलं कुठे जातं, हे मास्तरांमार्फत संस्थेला विचाराच. पण कायदा कंपन्यांसाठी; घरातल्या चोराला कुलूपच हवं. एका फोनवर चौघं असतील तर गेमला वेगळा पासवर्ड पाहिजे. तो नसेल तर तिला वही द्या, पेटीची किल्ली द्या, आणि धाकट्याला यांच्याकडूनच दम भरा. वही तुम्हीही उघडायची नाही बरं!

मात्र 'जगावंसं वाटत नाही' असं काही तिच्या तोंडून आलं, तर गेम नि वही बाजूला ठेवून 14416 लावा. टेलिमानसचा हा सरकारी नंबर चोवीस तास, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तो तुमच्या गेममध्ये कुठे दिला आहे का, तेही बघून कळवा.