ध्रुवतारा सगळ्यात तेजस्वी असतो ना? मग मला उत्तरेला तसा एकही तारा का दिसत नाही?

नाही. ध्रुव सगळ्यात तेजस्वी नाही, पहिल्या दहात नाही, विसातही नाही. यादी केली तर तो पन्नासाव्या नंबराच्या आसपास येतो. पहिला व्याध, दुसरा अगस्त्य. शुक्र आणि गुरू ग्रह असल्यामुळे यादीत नाहीत, पण दिसायला दोघंही व्याधाहून ठळक. तुम्ही लिहिलंय की पुण्यात गच्चीवरून तीन रात्री उत्तरेला मोठा तारा शोधला आणि मिळाला नाही. कसा मिळेल? मोठा शोधताय ना.

एरवी एवढ्यावर थांबलो असतो. पण याच प्रश्नावरून माझ्या लग्नात वाद झालाय आणि तो अजून मिटलेला नाही.

डिसेंबर २००८, वाई. गोरज मुहूर्त. सप्तपदी उरकून गुरुजींनी आम्हाला मांडवाबाहेर काढलं, ध्रुवदर्शनाला. वाजले असतील सव्वासात. माझ्या उपरण्याची गाठ बायकोच्या शालूला, त्यामुळे ती वळेल तिकडे मी. त्या आठवड्यात आकाशात शुक्र आणि गुरू शेजारी शेजारी होते. एक तारखेला तर चंद्रकोरही त्यांच्यात येऊन बसली होती. आमचं लग्न त्यानंतर चारच दिवसांनी. दोघं नैऋत्येला, कार्यालयाच्या पाण्याच्या टाकीच्या वर झगझगत होते. गुरुजींनी मंत्र म्हणत सरळ शुक्राकडे बोट केलं. "हा ध्रुव. याच्यासारखे स्थिर राहा."

शुक्र! जो तासा-दीड तासात मावळणार होता.

मी गप्प बसायला हवं होतं, हे बायकोचं आजही मत आहे. पण कॉलेजात असताना चार वर्षं अमावास्येच्या रात्री मित्रांबरोबर माळावर सतरंज्या टाकून काढल्या होत्या. तोंडातून निघून गेलं, "गुरुजी, तो शुक्र. ध्रुव इकडे, मांढरदेवीच्या डोंगराच्या वर." गुरुजी सज्जन माणूस, हसून वळायला लागले. मध्ये पडले ते बायकोचे थोरले काका.

"जावईबापू, पस्तीस वर्षं भूगोल शिकवलाय मी. ध्रुव सगळ्यात तेजस्वी. म्हणून तर त्याला अढळपद मिळालं." मग माझ्या बोटाच्या दिशेने डोळे बारीक करून पाहत म्हणाले, "हा? असल्या मिणमिणत्या ताऱ्याच्या साक्षीनं आमची पोरगी द्यायची?"

वऱ्हाडी हसले. माझे बाबा बुटांकडे बघायला लागले. मग अरुंधतीदर्शन. अरुंधती सप्तर्षींतल्या वसिष्ठ ताऱ्याला चिकटून असते आणि डिसेंबराच्या सुरुवातीला वसिष्ठ उगवतो तोच मध्यरात्रीनंतर. गुरुजींनी कुठेतरी बोट केलं, आम्ही हात जोडले. तेव्हा मी एक शब्द बोललो नाही, याचीही कुणीतरी नोंद घ्यावी.

माझं म्हणणं साधं आहे. अढळपद म्हणजे जागा न सोडणं. चमकण्याचा त्यात संबंध कुठे आला? पृथ्वीचा आस उत्तरेला ज्या दिशेने रोखलेला आहे, त्या दिशेला योगायोगाने हा तारा आहे. म्हणून सगळं आकाश फिरतं आणि हा तिथेच राहतो. त्यात त्याचं स्वतःचं कर्तृत्व शून्य. तारा म्हणून तो खरं तर दांडगा आहे, सूर्याच्या हजारपटीहून जास्त प्रकाश फेकतो. पण आहे चारशेहून जास्त प्रकाशवर्षं लांब. आज आपल्या डोळ्यांत शिरणारा त्याचा प्रकाश शिवाजी महाराजांच्या जन्माआधी निघालेला आहे. व्याध साडेआठ प्रकाशवर्षांवर, हाकेच्या अंतरावर, म्हणून भाव खातो.

हे मी काकांना आठ दिवाळ्या सांगितलं. ते दर वेळी "पुस्तकात काय वाट्टेल ते छापतात" म्हणायचे. पस्तीस वर्षं पुस्तकातूनच शिकवलेला माणूस!

शेवटी एका संक्रांतीला वाईला गेलो तेव्हा इलेक्ट्रिशियनकडून वायरिंगच्या पाइपाचे फूटफूटभर दोन तुकडे आणले. काकांच्या गच्चीत टाकीला लोखंडी शिडी आहे. (ही टाकी त्यांनी वास्तुशास्त्र बघून आधीच्या जागेवरून नैऋत्य कोपऱ्यात हलवून घेतली आहे, हे लक्षात ठेवा.) शिडीला बाइंडिंग वायरनं एक पाइप ध्रुवावर रोखून बांधला, दुसरा आग्नेयेला व्याधावर. रात्री आठला काकांना डोळा लावायला सांगितला. दोन्ही पाइपांत एकेक तारा. व्याध बघून म्हणाले, "वा! याला म्हणतात तारा." तिळगुळाची वडी तोंडात टाकेपर्यंत, म्हणजे दहाएक मिनिटांत, व्याध पाइपातून गायब. ध्रुव जागेवर. अकराला परत उठवलं, ध्रुव जागेवर, सप्तर्षी ईशान्येच्या डोंगरावर चढत होते. पहाटे चारला काका लघवीला उठले ते मला न सांगता आपले आपणच वर गेले. मी जागाच होतो, मागोमाग गेलो. स्वेटर, कानटोपी, एक डोळा मिटलेला, पाइपाला चिकटून उभे. सप्तर्षी तोवर बरोबर ध्रुवाच्या डोक्यावर आलेले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हलला नाही खरा."

मला वाटलं, जिंकलो. खाली येऊन त्यांनी काकूंना उठवून चहा टाकायला लावला आणि पहिल्या घोटाबरोबर म्हणाले, "हाच तो. लग्नात गुरुजींनी दाखवला होता तो हाच."

असो. तुमचं काम. पुणे साडेअठरा अक्षांशावर, म्हणून ध्रुव क्षितिजापासून साडेअठरा अंश वर. हात ताठ धरून मूठ वळली की एक मूठ साधारण दहा अंश. दोन मुठींना थोडा कमी, एवढाच वर. समोर सहा मजली सोसायटी असेल तर विषय संपला, दुसरी गच्ची शोधा. उत्तर मोबाइलच्या होकायंत्रानं बघितली तरी चालेल, आपल्याकडे खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही. फक्त फोन लोखंडी कठड्यावर ठेवू नका. उन्हाळ्यात सप्तर्षींतले पुलह आणि क्रतू, म्हणजे चौकोनाच्या शेपटीपासून लांबच्या बाजूचे दोन तारे, जोडा (क्रतू उत्तर क्षितिजाकडचा), ती रेघ क्रतूच्या पुढे पाचपट न्या. तिथे आसपास दुसरं काही नसलेला जो एकटा, मध्यम तेजाचा तारा दिसेल तो ध्रुव. दिवाळीच्या सुमारास संध्याकाळी सप्तर्षी क्षितिजाखाली असतात. तेव्हा शर्मिष्ठा हा तारकासमूह बघा, इंग्रजी एम अक्षरासारखी, आणि तिच्या खाली शोधा. शहराच्या उजेडात पहिल्या रात्री सापडला नाही तर वाईट वाटून घेऊ नका. ज्योतिर्विद्या परिसंस्था पुण्यातच आहे, त्यांच्या आकाशदर्शनाला एकदा जा. ॲपपेक्षा शेजारी उभं राहून बोट दाखवणारा माणूस बरा. अर्थात बोट कोणाचं आहे ते बघून.

आता प्रामाणिकपणे काकांच्या बाजूचंही सांगतो. ध्रुवसुद्धा तंतोतंत अढळ नाही. तो खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून थोडा जास्त बाजूला आहे, म्हणून दिवसभरात छोटासा फेरा मारतो. माझ्या पाइपाच्या तोंडात तो फेरा मावत होता, म्हणून काकांना कळला नाही आणि मी सांगितला नाही. शिवाय पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, एक डुलणं सुमारे २६,००० वर्षांचं. पिरॅमिड बांधले जात होते तेव्हा ध्रुवपदाच्या जवळ ठुबान नावाचा आणखी फिका तारा होता, आणि अजून बारा हजार वर्षांनी तेजस्वी अभिजित तिकडे येईल. तेव्हाचे काका बरोबर ठरतील. माझी बहीण मेलबर्नला असते. तिला तर ध्रुव दिसतच नाही, आणि तिचा संसार आमच्यापेक्षा बरा चाललाय.

लग्नाची सीडी मी मध्यंतरी पेनड्राइव्हवर करून घेतली. गुरुजींचं बोट स्पष्ट दिसतं. आकाश मात्र हॅलोजनमुळे काळंकुट्ट, शुक्र नाही, गुरू नाही, काही नाही. पण बोटाच्या बरोबर टोकाला पाण्याची टाकी आहे. काकांना ती तिथे थांबवून दाखवली आणि विचारलं, कार्यालयवाल्यानं टाकी कुठल्या दिशेला बांधली असेल? ते म्हणाले, "त्याला वास्तुशास्त्र कळत नसेल."