खुडूक कोंबडी: रवणीला बसवावी की उठवावी?

तुमच्या प्रश्नातून समजले ते असे: मरोळ गावठाणातल्या घराच्या मागील अंगणात तुमच्या चार गावठी कोंबड्या आहेत, कोंबडा नाही. त्यांपैकी एक गेले काही दिवस रिकाम्या जागेवर बसून आहे, जवळ गेले की पिसे फुलवून चोच मारते. शेजारच्या काकूंनी तिला थंड पाण्यात बुडवून काढायला सांगितले आहे, आणि मुलांना मात्र पिल्ले हवी असल्यामुळे दुकानातली अंडी तिच्याखाली ठेवावीत का, असे तुम्ही विचारले आहे. मुंबईतल्या अंगणात रवण, म्हणजे कोंबडीखाली अंडी ठेवून पिल्ले काढणे, यशस्वी होते की नाही, हे बहुतांशी अंडी ठेवण्याआधीच्या तयारीवर ठरते, असे माझे स्पष्ट मत असल्यामुळे उत्तराचा मोठा भाग त्या तयारीविषयी आहे.

पहिली गोष्ट, तुमची कोंबडी आजारी नाही, ती खुडूक झाली आहे, म्हणजे तिला अंडी उबवण्याची ओढ लागली आहे. आजारी कोंबडी मान टाकून, डोळे मिटून बसते आणि हात लावला तरी फारसा विरोध करत नाही. खुडूक कोंबडी उलट सावध असते, जागा सोडत नाही, हात जवळ आला की अंग पसरून चपटी होते आणि एक विशिष्ट 'कुडुक-कुडुक' आवाज काढत राहते. दिवसातून एखाद्या वेळी ती उठते, घाईघाईने दाणे टिपते, पाणी पिते, एकदाच मोठी आणि फार दुर्गंधीयुक्त विष्ठा टाकते आणि परत येऊन बसते. अलगद उचलून पोटाखाली पाहिलेत तर तेथली पिसे झडून उघडी, गरम कातडी दिसेल. अंड्याला शरीराची ऊब थेट मिळावी म्हणून निसर्गाने केलेली ती सोय आहे. प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक वाढल्यामुळे हे सारे घडते आणि त्याच कारणाने तिचे अंडी घालणेही थांबते. लेगहॉर्नसारख्या अंड्यांसाठी पैदास केलेल्या जातींतून हा गुण जवळजवळ नाहीसा झाला आहे, आणि कडकनाथ कोंबडीही या कामात फारशी भरवशाची मानली जात नाही. म्हणून चांगली बसणारी गावठी कोंबडी तुमच्याकडे असणे ही मोलाची गोष्ट आहे.

दुकानातल्या अंड्यांचे उत्तर सरळ आहे: त्यांतून पिल्ले निघणार नाहीत. ती अंडी ज्या मोठ्या पोल्ट्रीतून येतात तेथे कोंबड्यांबरोबर कोंबडा ठेवलेलाच नसतो, त्यामुळे अंड्यात जीव नसतो. बाजारात 'गावठी' म्हणून तपकिरी अंडी मिळतात, पण कवचाच्या रंगाचा फलनाशी काहीही संबंध नाही. आणि अंडी खरोखर गावठी असली तरी ती किती दिवसांची आहेत आणि उन्हात किती वेळ राहिली आहेत, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. तुमच्याच कोंबड्यांची अंडीही, कोंबडा नसल्यामुळे, या कामाची नाहीत. दुकानातल्या अंड्यांचा एक उपयोग मात्र नक्की करून घ्यावा: फलित अंडी मिळेपर्यंत तीन-चार अंडी तिच्याखाली ठेवावीत, म्हणजे तिची बैठक टिकून राहील आणि ती खरोखर पक्की बसली आहे की दोन दिवसांत उठणार आहे, याची परीक्षाही होईल. नंतर ही अंडी खाऊ नयेत, फेकून द्यावीत.

आता अंडी शोधायला निघण्यापूर्वी दोन गोष्टींचा निर्णय घरात बसून करावा. निघालेल्या पिल्लांपैकी साधारण निम्मी नर असतात आणि ती तीन-चार महिन्यांची झाली की पहाटेच्या आधीच आरवू लागतात. गावठाणाच्या भोवती आता चारही बाजूंनी इमारती उभ्या आहेत, आणि शेजाऱ्यांशी संबंध बिघडण्याचे कारण कोंबडी क्वचितच असते, कोंबडा मात्र नेहमी असतो. हे नर कोणाला द्यायचे किंवा त्यांचे काय करायचे, हे ठरलेले नसेल तर रवण घालू नये. हे मी कळकळीने सांगतो, कारण वाढलेले नर अरुंद खुराड्यात एकमेकांना रक्तबंबाळ करताना आणि शेवटी रस्त्यावर सोडून दिले जाताना मी या शहरात पाहिले आहेत.

दुसरी गोष्ट म्हणजे उंदीर आणि घुशी. कोकणातल्या गावात मुंगसाची आणि रानमांजराची भीती असते, मुंबईत खरा शत्रू गटारातून येतो. रवणीवरची कोंबडी रात्री अंधारात फारसे काही पाहू शकत नाही आणि जागाही सोडत नाही, त्यामुळे घूस तिच्या पोटाखालून अंडी ओढून नेते, तिच्या पायांना चावते आणि पिल्ले निघाल्यावर एका रात्रीत सगळी संपवू शकते. षट्कोनी भोकांची नेहमीची कोंबडीजाळी येथे पुरत नाही, कारण लहान उंदीर तिच्यातून आत जातो आणि घूस ती कुरतडून तोडते. अर्ध्या इंचाची वेल्ड केलेली जाड जाळी चारही बाजूंनी, वरून आणि मुख्य म्हणजे तळालाही लावलेली पेटी हवी, आणि तिला नीट बसणारी कडी हवी. उंदरांचे विष अंगणात ठेवून हा प्रश्न सोडवू नये. ते दाणे कोंबड्याच खातात. उरलेले खाद्य रात्री उघड्यावर राहू न देणे हा विषापेक्षा चांगला उपाय आहे. पेटी चार पायांवर उचलून प्रत्येक पायाखाली पाण्याची वाटी ठेवली तर लाल मुंग्यांचाही बंदोबस्त होतो. अंड्याला पहिली चीर पडते तेव्हा आतल्या ओलाव्याच्या वासाने मुंग्या चढतात आणि बाहेर न आलेल्या पिल्लाला चावून मारतात, ही गोष्ट पुष्कळांना उशिरा कळते.

फलित अंडी अशा घरून घ्यावीत जेथे कोंबडा कोंबड्यांबरोबर नियमित फिरतो. मनोरी, गोराई या बाजूची गावे किंवा आरेतले पाडे येथे ओळख काढली तर अशी घरे सापडतात. आरे दुग्ध वसाहतीत केंद्र सरकारच्या कुक्कुट विकास संघटनेचे पश्चिम विभागाचे केंद्रही आहे. तेथे त्या वेळी उबवणुकीची अंडी किंवा पिल्ले उपलब्ध आहेत का, हे आधी विचारून मगच जावे. अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नसावीत, मध्यम आकाराची, स्वच्छ आणि तडा न गेलेली असावीत. मळलेली अंडी धुऊन घेऊ नयेत, कारण कवचावरचा जो नैसर्गिक थर जंतूंना अडवतो तो धुण्याने निघून जातो. साठवण्यासाठी १५ ते १८ अंश सेल्सिअस तापमान उत्तम, पण मुंबईच्या घरात ते मिळत नाही आणि फ्रिज त्याहून फार थंड असतो. म्हणून अंडी साठवत न बसता ती तीन-चार दिवसांत गोळा करून ताजीच बसवावीत हे बरे. सुमारे २१ अंशांच्या वर गर्भ हळूहळू वाढू लागतो, आणि उकाड्यात स्वयंपाकघरात आठवडाभर पडलेल्या अंड्यात अशी अर्धवट वाढ होऊन गर्भ कमजोर होतो. लोकलच्या गर्दीतून अंडी आणलीत तर घरी आल्यावर ती निमुळते टोक खाली करून एक रात्र स्थिर ठेवावीत, कारण हादऱ्यांनी आतली हवेची पोकळी सैल झालेली असते.

जागा सावलीची आणि शांत असावी. पत्र्याच्या छपराखाली एप्रिल-मे महिन्यांत रवण घालू नये. दुपारी तेथे कोंबडी धापा टाकत अंड्यांवरून उठते आणि अति तापल्याने गर्भ मरतात. पावसाळ्यात अडचण उलटी असते, पेंढा दमट होऊन त्याला बुरशी येते, म्हणून तो अधूनमधून बदलावा लागतो. दसऱ्यानंतर होळीपर्यंतचा काळ मुंबईत सर्वांत सोपा जातो. ढगांच्या गडगडाटाने अंडी बिघडतात आणि म्हणून टोपलीत लोखंडाचा खिळा ठेवावा, असे जुनी माणसे सांगतात. खिळ्याने काही बिघडत नाही, पण पावसाळ्यात रवण वाया जाण्याचे खरे कारण ओल हेच असते.

उथळ टोपलीत किंवा लाकडी खोक्यात तळाला कोरडी वाळू, तिच्यावर चाळलेली राख आणि वर मऊ पेंढा घालून मध्ये थोडा खोलगट भाग करावा, म्हणजे अंडी कडेला घरंगळत नाहीत. त्याआधी कोंबडीच्या पंखांखाली आणि शेपटीच्या मुळाशी पिसे बाजूला करून उवा आणि बारीक लाल किडे पाहावेत. बसलेली कोंबडी पुरेशी धूळ-अंघोळ करत नाही, त्यामुळे हे किडे झपाट्याने वाढतात, आणि त्यांच्या त्रासाने वैतागलेली कोंबडी रवण अर्ध्यावर टाकून उठते. किडे दिसल्यास औषध पशुवैद्याला विचारूनच घ्यावे आणि अंडी ठेवण्यापूर्वीच लावावे. नऊ ते अकरा अंडी तुमच्या गावठी कोंबडीला पुरेत. अंड्यांचा कोणताही भाग तिच्या पिसांबाहेर दिसता कामा नये. सगळी अंडी एकाच वेळी, रात्री, मंद उजेडात ठेवावीत आणि प्रत्येकावर पेन्सिलीने खूण करावी. बाकीच्या तीन कोंबड्या त्याच जागी येऊन अंडी घालतात आणि खूण नसेल तर नवे अंडे ओळखता येत नाही. म्हणून रवणीची पेटी शक्यतो वेगळीच असावी.

त्यानंतरचे २१ दिवस कोंबडीचे आहेत. अंडी फिरवणे, मधली कडेला आणि कडेची मध्ये आणणे, हे ती स्वतः दिवसभर करत असते आणि त्यात माणसाच्या मदतीची गरज नसते. तिच्यापासून थोड्या अंतरावर ज्वारी, गहू किंवा मक्याचे अख्खे दाणे आणि स्वच्छ पाणी रोज ठरलेल्या वेळी ठेवावे, ती उठली नाही तर दिवसातून एकदा हळूच उचलून खाली ठेवावी आणि पंधरा-वीस मिनिटांत ती परतते की नाही एवढेच पाहावे. सातव्या-आठव्या रात्री अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर अंडे धरले तर जिवंत अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक लाल शिरा दिसतात; स्वच्छ पारदर्शक दिसणारे किंवा आत नुसते रक्ताचे कडे दिसणारे अंडे काढून टाकावे, कारण ते कुजून फुटले तर शेजारची चांगली अंडीही नासतात. चौदाव्या दिवशी पुन्हा एकदा तपासावे. अठराव्या दिवसानंतर मात्र अंड्यांना हातच लावू नये.

विसाव्या-एकविसाव्या दिवशी कवचाला पहिली चीर दिसते आणि तेथून पिल्लू पूर्ण बाहेर यायला बारा ते चोवीस तासही लागू शकतात. या वेळात पिल्लू निपचित पडल्यासारखे वाटले तरी ते उरलेला बलक पोटात ओढून घेत असते आणि कवचाच्या आतल्या रक्तवाहिन्या आटण्याची वाट पाहत असते. घाईने कवच सोलले तर रक्तस्राव होऊन ते दगावते. मुलांना ही गोष्ट आधीच नीट समजावून सांगावी, कारण दयेपोटी सोललेली अंडी हेच या टप्प्यावरच्या मृत्यूंचे मोठे कारण असते. पोटातल्या बलकावर पिल्लू दोन दिवस सहज राहते, त्यामुळे खाण्यासाठी धावाधाव करू नये. तेविसाव्या दिवसानंतर न फुटलेली अंडी काढून टाकावीत.

पिल्लांना पहिले पंधरा दिवस कोंबडीसह डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या मोठ्या टोपलीखाली, किंवा जाळीच्या पेटीत ठेवावे. मुंबईत कावळा आणि घार क्षणात पिल्लू उचलतात आणि आई कितीही तापट असली तरी उघड्या अंगणात सगळी वाचवू शकत नाही. पाण्याचे भांडे उथळ असावे आणि त्यात खडे टाकावेत, म्हणजे पिल्ले बुडत नाहीत. नुसत्या तांदळाच्या कणीवर पिल्ले जगतात पण खुरटतात; पहिले सहा-आठ आठवडे पिल्लांसाठीचे स्टार्टर खाद्य द्यावे. मानमोडी म्हणजे राणीखेत या रोगाने संपूर्ण कळप जातो, म्हणून पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत द्यावाच. या लसीची कुपी शंभर किंवा त्याहून अधिक मात्रांची असते आणि एकदा मिसळली की काही तासांतच वापरावी लागते, त्यामुळे आसपासच्या कोंबडीपालकांनी दिवस ठरवून ती एकत्र आणणे शहाणपणाचे ठरते. ती बर्फात ठेवूनच घरी आणावी. पुढच्या लसींचे वेळापत्रक पशुवैद्यकीय दवाखान्यातून लिहून घ्यावे.

फलित अंडी मिळालीच नाहीत तर आणखी एक मार्ग आहे. दुकानातल्या अंड्यांवर कोंबडीला दोन-अडीच आठवडे बसू द्यावे, मग एक दिवसाची पिल्ले आणून रात्री अंधारात एकेक करून तिच्या पोटाखाली सरकवावीत आणि अंडी काढून घ्यावीत. सकाळी ती बहुधा त्यांना आपलीच मानते. तरीही उजाडताच जवळ बसून पाहावे. ती चोच मारू लागली तर पिल्ले लगेच वेगळी करून दिव्याच्या उबेवर वाढवावी लागतात. तेवढी तयारी असेल तरच हा मार्ग घ्यावा.

आणि नरांची सोय व उंदीर-घुशींपासून संरक्षण या वरच्या दोन निर्णयांपैकी एकाचेही उत्तर नकारार्थी आले तर कोंबडीला उठवावे, पण पाण्यात बुडवून नव्हे. बुडवल्याने ती घाबरते, भिजून आजारी पडू शकते आणि वाळली की पुन्हा तेथेच जाऊन बसते. नाकपुडीत पीस घालणे किंवा उपाशी ठेवून टोपलीखाली कोंडणे हे उपायही तितकेच निर्दय आहेत. तिला तळाशी जाळी असलेल्या, जमिनीपासून उचललेल्या पिंजऱ्यात, पेंढा न घालता, सावलीत आणि भरपूर उजेडात ठेवावे आणि दाणा-पाणी पुरेपूर द्यावे. पोटाखालून हवा खेळत राहिली की तेथली ऊब उतरते आणि तीन ते पाच दिवसांत बहुतेक कोंबड्या खुडूकपणा सोडतात. बाहेर सोडल्यावर ती पुन्हा जुन्या जागी धावली तर आणखी दोन दिवस ठेवावे, आणि त्या काळात बाकीच्या कोंबड्यांची अंडी दिवसातून दोनदा उचलावीत. पुन्हा अंडी सुरू व्हायला त्यानंतर साधारण दोन-तीन आठवडे लागतात, तेवढ्या काळात तिचे खाद्य कमी करू नये.