डब्यावरचे वॅट आणि दारातली भोकं

प्रश्न: माझ्या छोट्या हॅचबॅकच्या पुढच्या दारांत मूळचेच साडेसहा इंची स्पीकर आहेत. आवाज चढवला की फाटतो. मागच्या ट्रेवर ६ बाय ९ इंची अंडाकृती स्पीकर लावू का? डब्यावर ‘४०० वॅट’ लिहिलंय.

उत्तर: तो ४०० चा आकडा विसरा. बघायचा तो आरएमएस वॅटचा, म्हणजे सतत चालणाऱ्या खऱ्या ताकदीचा आकडा. गाडीतला स्टिरिओ एका चॅनलला खरे १५ ते २० वॅटच देतो. त्यामुळे अॅम्प्लिफायर लावणार नसाल, तर जास्त सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये जास्त आवाज देणारा स्पीकर घ्या. ३ डेसिबल जास्त म्हणजे निम्म्या वॅटमध्ये तेवढाच आवाज.

मागचा ट्रे नकोच. मीही हौसेनं लावले होते. गायक सतत मानेमागून गात असल्यासारखा वाटायचा आणि ट्रे खडखडायचा तो वेगळाच. पैसे पुढच्या दारांवर घाला: कंपोनंट जोडी (दोन सुटे स्पीकर) घ्या, वूफर (जाड आवाजाचा) दारात आणि ट्वीटर (बारीक आवाजाचा) आरशाजवळच्या तिकोन्यात, श्रोत्यांकडे किंचित वळवून.

आता दाराचं. आतल्या पत्र्याला मोठाली भोकं असतात. त्यांतून स्पीकरच्या पाठीमागचा आवाज पुढे येतो आणि पुढच्याला मारतो. बेस, म्हणजे खर्जाचा जाड आवाज, तिथेच मरतो. ती भोकं डॅम्पिंग शीटनं (पत्र्याची थरथर दाबणाऱ्या चिकट शीटनं) बुजवा, पण दाराच्या तळाची पाणी निघायची छिद्रं उघडी ठेवा, नाहीतर दार गंजेल. स्पीकरखाली फोमची रिंगही हवी.

एवढं करूनही बेस गायब वाटला, तर एका स्पीकरच्या प्लस-मायनस वायरी उलट्या जोडल्यात का बघा. माझ्या उलट्याच होत्या, दोन महिने!