खेळ ‘साहसी’ नसतो

कराडच्या एका शिक्षिकाबाईंनी विचारलं आहे : शाळेच्या फलकावर ‘एक्स्ट्रीम स्पोर्ट्स आता ऑलिंपिकमध्ये’ ही बातमी मराठीत लिहायची आहे. एका मुलाने फोनवर भाषांतर करून ‘अतिरेकी खेळ’ असं आणलं. तर ‘साहसी खेळ’ लिहावं की ‘धाडसी खेळ’? आणि स्केटबोर्ड ‘तो’ की ‘ते’?

बाई, ‘अतिरेकी खेळ’ तेवढं लिहू नका, पोलिस यायचे शाळेत. ‘चित्तथरारक’ही नको. दहीहंडीच्या दिवशी ‘थरांचा थरार’ छापून छापून त्या शब्दातली थरथर केव्हाच गेली. राहिले साहसी आणि धाडसी, आणि इथेच माझं डोकं फिरतं. अहो, साहसी असतो तो माणूस. खेळ कसा साहसी असेल? कुस्तीला आपण ‘शूर कुस्ती’ म्हणतो का? 2022 साली सरकारने दहीहंडीला ‘साहसी खेळा’चा दर्जा जाहीर केला तेव्हापासून तर हा शब्द पक्काच झाला, आता कुणाला हटकायची सोय नाही. ‘साहसी निर्णय’ चालतो मग ‘साहसी खेळ’ का नाही, असं मला ऐकवतात. मला ‘साहसी निर्णय’ही चालत नाही.

पण खरी मजा विशेषणात नाही, ‘साहस’मध्ये आहे. मागे एका बक्षीस समारंभात प्रमुख पाहुण्यांनी सांगितलं, साहस म्हणजे स-हास, हसत हसत केलेलं काम. टाळ्या पडल्या. मी खुर्चीत नुसता चुळबुळत राहिलो.

मूळ शब्द ‘सहस्’. अर्थ जोर, बळ, समोरच्याला दाबून टाकणारी ताकद. वेदांत अग्नीला सहसाचा पुत्र म्हटलं आहे, कारण अरणीवर अरणी, म्हणजे लाकडावर लाकूड, जोर लावून घासल्याशिवाय तो जन्मालाच येत नाही. जर्मनमधला ‘झीग’ म्हणजे विजय, तो याच सहसचा लांबचा चुलतभाऊ. या सहसवरून साहस. म्हणजे बळजबरीने केलेलं कृत्य. हिंदू धर्मशास्त्रात साहस हा चक्क गुन्ह्याचा प्रकार आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात भेद फार नेमका केला आहे : मालकाच्या डोळ्यांदेखत जबरीने केलं तर साहस, पाठीमागे केलं तर चोरी. त्याहून गंमत म्हणजे दंडालाही साहसच म्हणत. अडीचशे ‘पण’ (हे तेव्हाचं नाणं) म्हणजे प्रथम साहस, पाचशे म्हणजे मध्यम, हजार म्हणजे उत्तम साहस. आज ‘उत्तम साहस’ म्हटलं की आपण हार घेऊन धावतो. तेव्हा हजार नाणी मोजावी लागत.

पुण्याच्या एका भाषातज्ज्ञांशी यावरून माझं वाजलेलं आहे. त्यांचं म्हणणं, साहस हा मुळातच उदात्त शब्द, गुन्ह्याचा अर्थ मागाहून चिकटला. साफ उलटं आहे. उदात्तपणा मागाहून आला. आणि तो कसा येतो ते बघायचं असेल तर या खेळांइतकं चांगलं उदाहरण नाही.

स्केटबोर्डच घ्या. 1970च्या दशकाच्या मध्यात कॅलिफोर्नियात दुष्काळ पडला, लोकांच्या परसातले पोहण्याचे तलाव कोरडे पडले. पोरं कुंपणावरून उड्या टाकून त्या रिकाम्या तलावांत ही चाकांची फळी फिरवायला लागली, मालक घरी नाही असं बघून. (मनूच्या हिशेबाने ही चोरी. मालक खिडकीत उभा असता तर साहस.) आज ऑलिंपिकमधल्या ‘पार्क’ प्रकारात जे खोलगट, वाटोळ्या कडांचं मैदान दिसतं, ते त्या तलावांचंच रूप. नॉर्वेने तर 1978 ते 1989 स्केटबोर्डवर देशभर बंदी घातली होती. अस्सल धर्मशास्त्री अर्थाने साहस. 1995मध्ये अमेरिकेतल्या एका क्रीडावाहिनीने ‘एक्स्ट्रीम गेम्स’ भरवले, दुसऱ्याच वर्षी नाव आखडून ‘एक्स गेम्स’ केलं. स्नोबोर्ड 1998ला नागानोच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये आला, बीएमएक्स सायकलींची शर्यत 2008ला बीजिंगमध्ये. आणि 2021मध्ये टोकियोत स्केटबोर्ड, सर्फिंग, क्लाइंबिंग सगळंच एकदम. जपानच्या मोमिजी निशियाने स्केटबोर्डचं सुवर्ण घेतलं तेव्हा ती 13 वर्षांची होती, म्हणजे बाई, तुमच्या आठवीच्या वर्गातली. दंडापासून पदकापर्यंतचा जो प्रवास ‘साहस’ला शेकडो वर्षं पुरला, तो या खेळांनी पन्नास वर्षांत उरकला.

त्यामुळे शब्द साहसच हवा, धाडस नको. धाडसाबद्दल माझा आपला एक कयास आहे : ‘धाड’ आणि ‘साहस’ यांचं हे कडबोळं असावं. धाड घालणं आणि मनूचं साहस, दोन्ही दरोडेखोरांच्याच गल्लीतले. आमच्या घरात हे कुणाला पटत नाही. असो.

आता सहसची दुसरी पोरगी, ‘सहसा’. हिच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो. संस्कृतात सहसा म्हणजे जोराच्या भरात, एकाएकी, विचार न करता. भारवी कवीच्या ‘किरातार्जुनीय’ महाकाव्यात युधिष्ठिर भीमाला बजावतो, ‘सहसा विदधीत न क्रियाम्’, आततायीपणे काही करू नये. यातला ‘न’ बघा. मराठीत हा शब्द नकाराचं बोट धरूनच रुळला. ‘तो सहसा चुकत नाही’, म्हणजे असा एकाएकी चुकणाऱ्यातला नाही, म्हणून बहुधा चुकत नाही. अर्थ कसा हळूच सरकला! आणि आता ऐकावं लागतं, ‘मी सहसा सहाला उठतो.’ अरे, एकाएकी दचकून उठतोस का? सकारी वाक्यात ‘बहुधा’ म्हणा, ‘बहुतेक वेळा’ म्हणा, सहसाला तिच्या नकाराजवळ राहू द्या. कोशांत पुढे फक्त ‘बहुधा’ लिहून मोकळे होणाऱ्यांनी हे वाटोळं केलं आहे. जुन्या अर्थाची सहसा बघायचीच असेल तर पॅरिसमधली 2024ची स्पीड क्लाइंबिंगची अंतिम चढाई बघा. 15 मीटरची उभी भिंत इंडोनेशियाच्या वेड्रिक लिओनार्डोने 4.75 सेकंदांत संपवली. तो सहसा वर गेला, हे वाक्य नकाराशिवाय मी एवढ्या एकाच ठिकाणी खपवून घेईन.

हाच ‘सह्’ धातू सहनमध्ये आहे, असह्यमध्ये आहे, आणि पुराणांतल्या सात कुलपर्वतांपैकी ‘सह्य’, म्हणजे सह्याद्री, त्यातही. तुमच्या साताऱ्याच्या डोक्यावर जो उभा आहे तो. सह्य म्हणजे ‘सोसण्याजोगा’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. मी त्याला ‘जोरकस’ म्हणतो. यवतेश्वरचा घाट एकदा पळत चढलं की माझं पटेल.

आम्हा सांगलीकरांना साहसचा जुना अर्थ वेगळा शिकवावा लागत नाही. पावसाळ्यात कृष्णा फुगली की आयर्विन पुलाच्या कठड्यावर पोरं ओळीने उभी. पाणी चाळीस फुटांच्या इशारा पातळीकडे सरकत असतं, खाली गढूळ भोवरे. कुणी हात जुळवून सूर मारतो, कुणी गुडघे पोटाशी घेऊन मुटका. बघ्यांची गर्दी ओरडते, ‘आला, आला वर!’ तेवढ्यात शिट्टी वाजवत हवालदार येतात आणि उरलेली ओळ पांगते. डोळ्यांदेखत, जोराने, आणि मागोमाग दंडाची भीती. मनूला हवं ते सगळं त्या कठड्यावर आहे, फक्त पंच नाहीत.

फलकावर ‘साहसाचे खेळ’ लिहा, बाई. ‘साहसी’पेक्षा एकच अक्षर जास्त. स्केटबोर्ड ‘तो’, फळी म्हटलंत तर ‘ती’.