चिंताविकार, धास्ती आणि घोर

सांगलीच्या एका वाचकाने विचारलंय: 'चिंताविकार' म्हणजे चिंता केल्यामुळे होणारा विकार का? आणि आमच्याकडे 'त्यानं धास्ती घेतली' म्हणतात, ते हेच का?

पहिल्याचं उत्तर नाही. हृदयविकार म्हणजे हृदयाचा विकार, तसाच चिंताविकार म्हणजे चिंतेचा विकार, षष्ठी तत्पुरुष. इथे बिघाड चिंतेतच असतो, ती कारण नसते. 'चिंतेमुळे' असा विग्रह केला की 'चिंता सोड, बरा होशील' हा फुकटचा सल्ला ओघाने येतोच.

दुसऱ्यात गंमत क्रियापदाची आहे. धास्ती घेतो, हाय खातो, मनाला लावून घेतो. तिन्हींत कर्ता आजारी माणूसच, म्हणजे दोषही त्याचाच. शिवाय धास्तीला बहुधा कारण असतं. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा नदी 40 फुटांची इशारा पातळी ओलांडून 45 च्या धोका पातळीकडे निघाली, तर नदीकाठच्या माणसाने धास्ती घेणं रास्तच. पाणी ओसरलं, घर सुकलं, तरी महिनोन्‌महिने झोप लागत नाही आणि जरा पाऊस आला की छाती धडधडते, तेव्हा ती नुसती धास्ती राहत नाही. कशाची ना कशाची काळजी बहुतेक दिवस, किमान 6 महिने, आवरता न येण्याइतकी राहिली आणि तिच्यापायी रोजचे व्यवहार अडू लागले, तर सार्वत्रिक चिंताविकाराची शंका घेतात.

कारणं मात्र 'घेतली' या क्रियापदात मावत नाहीत. आनुवंशिकता असते, लहानपणीचे आघात असतात. कधी मूळ मनात नसतंच. थायरॉईड अतिसक्रिय असेल तर धडधड, हाताला कंप, घाम, आणि पोटभर खाऊनही वजन घटतं. रक्तात टीएसएच, म्हणजे थायरॉईडला चालना देणारं संप्रेरक, कमी सापडतं. दम्याचा साल्ब्युटामॉलचा पंप, स्टेरॉइड, कपावर कप चहा-कॉफी यांनीही असंच होऊ शकतं. रोजची दारू एकदम तोडली तरी होतं, आणि तिथे फिटचे झटके येण्याचा धोका असल्याने ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी.

म्हणून माझं मत 'घोर लागणे' या बाजूने. भूक लागते, तहान लागते, तसा घोर लागतो. कुणी तो मुद्दाम लावून घेत नाही. 'काळजी'ही वाईट नाही, तिच्यात निदान काळीज तरी आहे. 'चिंता' आली 'चिन्त्' म्हणजे विचार करणे यावरून, त्यामुळे सगळा कारभार डोक्यातच चालतो असं वाटतं.

दवाखान्यात मात्र यातलं काहीच पुरत नाही. 'धास्ती घेतलीय' एवढंच न सांगता धडधड केव्हापासून, किती वेळ, झोप किती, वजन किती उतरलं, कोणती गोळी किंवा पंप चालू आहे, ते सांगावं.