शांतारामबापूंचा सर्वोत्तम चित्रपट कोणता? माझं मत ‘माणूस’ला

व्ही. शांतारामांचा सर्वोत्तम चित्रपट कोणता, या चर्चेत सरळ दोन तट पडलेत. एका बाजूचं म्हणणं असं की व्ही. शांताराम म्हणजे ‘झनक झनक पायल बाजे’, ‘नवरंग’ आणि ‘पिंजरा’. रंग, नाच, डोळे दिपवणारं नेपथ्य, बाकी सगळं दुय्यम. दुसरी बाजू म्हणते, प्रभात ही चित्रपटसंस्था सोडली तिथेच हा दिग्दर्शक संपला. मूळ प्रश्न मात्र साधा होता: ज्याने त्यांचं काहीच पाहिलेलं नाही, त्याने सुरुवात कुठून करावी? तो प्रश्न या वादात हरवलाय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण या चर्चेत दोघा-तिघांनी ‘संत तुकाराम’ शांतारामांच्या खात्यावर टाकलाय. 1936 चा तो चित्रपट विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल यांचा. प्रभातचा आहे, पण शांतारामांचा नाही. ‘संत ज्ञानेश्वर’ही याच जोडीचा. शांतारामांचा संतपट म्हणजे ‘धर्मात्मा’ (1935), बालगंधर्व एकनाथांच्या भूमिकेत. त्याचं आधीचं नाव ‘महात्मा’ होतं, ते सेन्सॉरच्या आक्षेपामुळे बदलावं लागलं. तुकारामाच्या साधेपणाचं श्रेय शांतारामांना दिलं की त्यांची स्वतःची शैली कळतच नाही, कारण त्यांचा पिंड साधेपणाचा नव्हताच.

ते मुळात दाखवणारे. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेला माणूस, चौकट भरावी कशी हे आधी शिकला. 1933 मध्ये ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रतींच्या कामासाठी जर्मनीला गेले, तिथला छायाप्रकाशाचा खेळ पाहून आले आणि पुढच्याच वर्षी ‘अमृतमंथन’मध्ये राजगुरूचा डोळा टेलिफोटो लेन्सने पडदाभर करून दाखवला. तो डोळा आजही अंगावर येतो. म्हणजे भपक्याची ओढ पुढे स्वतः काढलेल्या राजकमल या संस्थेत लागली हे खरं नाही, ती पहिल्यापासून होती. माझं म्हणणं एवढंच की या दिग्दर्शकाने जेव्हा जेव्हा स्वतःच्या हाताला बांध घातला, तेव्हा तेव्हा त्याचं काम सर्वांत उंच गेलं. प्रभात की राजकमल, हा भेद त्यापुढे फार महत्त्वाचा नाही.

‘कुंकू’ (1937) घ्या. ना. ह. आपट्यांच्या कादंबरीवरचा चित्रपट. मामाने फसवून काकासाहेब या वयस्कर विधुर वकिलाशी लग्न लावून दिलेली नीरा, आणि ‘हे लग्न मी मानत नाही’ हा तिचा हट्ट. विषयाचं धाडस सगळ्यांनाच दिसतं. मला त्याहून मोठी वाटते ती एक तांत्रिक शिस्त: या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. जे ऐकू येतं ते त्या घरातलं, त्या प्रसंगातलं. 1937 साली, जेव्हा बोलपट म्हणजे गाण्यांची रांग असं समीकरण होतं, तेव्हा हे ठरवून केलेलं आहे. त्यामुळे काकासाहेबांच्या घरातल्या भिंतीवरच्या घड्याळाला जे वजन येतं ते पाहा. खाली व्हायोलिन रडत नाही, फक्त टिकटिक. त्या माणसाचं वय, त्याची भीती, त्या घरातला कोंडलेला वेळ, सगळं त्या लंबकात येतं. केशवराव दाते त्या काकासाहेबांना खलनायक होऊ देत नाहीत. आपण काय केलंय हे या माणसाला हळूहळू उमगत जातं आणि ते उमगणं दात्यांच्या खांद्यांत, चालण्यात दिसतं. शांता आपट्यांची नीरा त्यांच्यासमोर तेवढ्याच ताकदीने उभी राहते. शेवट मला पटत नाही, तेही सांगतो. काकासाहेब आत्महत्या करतात, पुनर्विवाहाची मोकळीक देणारं पत्र मागे ठेवतात, आणि नीराचा प्रश्न तिच्याऐवजी ते सोडवतात. दोन तास झुंजलेल्या बाईच्या हातून शेवटचा निर्णय काढून घेतलाय.

म्हणूनच ‘माणूस’ (1939) माझ्या लेखी एक पायरी वर. गणपत हवालदार वेश्यावस्तीतल्या धाडीत सापडलेल्या मैनाला वाचवतो, दोघं गुंततात, तो तिला आईकडे घेऊन जातो. आईचा भाबडा सश्रद्धपणा आणि सून म्हणून मिळणारा मान मैनाला पेलत नाही. ती निघून जाते, पुढे मामाचा खून करते, तुरुंगात जाते. गणपत मात्र मरत नाही. ‘देवदास’च्या लाटेत प्रेमासाठी झुरून मरणं हीच नायकाची थोरवी मानली जात होती. इथे नायकाला दुसऱ्या दिवशी उठून कामावर जायचंय. शाहू मोडकांना आपण कृष्ण आणि ज्ञानेश्वर म्हणून लक्षात ठेवलं, त्यांना हा पोलिसाचा गणवेश देणं हेही धाडसच.

‘कशाला उद्याची बात’ सगळ्यांना पाठ असतं, पण गाणं पडद्यावर नीट पाहा. कडव्यागणिक भाषा बदलते, कारण समोरचं गिऱ्हाईक प्रांतोप्रांतीचं आहे. एका गाण्यात त्या वस्तीचा सगळा धंदा समजतो, आणि शांता हुबळीकरांचा चेहरा शब्दांतल्या बेफिकिरीला साथ देत नाही. ती गल्ली स्टुडिओत उभारलेली, फत्तेलालांच्या कलादिग्दर्शनाखाली, तरी तिच्यात ओल आणि वास आहे. चहावाल्या पोऱ्याच्या भूमिकेत लहानगे राम मराठे आहेत, पुढचे मोठे गवई. मधेच एक चित्रीकरणाचा प्रसंग येतो, त्यात बॉम्बे टॉकीज या त्या काळच्या स्टुडिओच्या धाटणीच्या गुळगुळीत प्रेमदृश्यांची खिल्ली उडवलीय. करुण कथेच्या मध्यावर ती खिल्ली खपवणं सोपं नाही, इथे ती खपते, कारण लगेच शेजारी गणपत आणि मैना उभे असतात आणि त्यांच्याकडे तसलं प्रेम करायला फुरसतच नाही.

आता राजकमल. 1942 मध्ये परळला स्वतःची संस्था काढल्यावर निर्माता, दिग्दर्शक आणि बऱ्याचदा नटही तेच. प्रभातमध्ये पाच भागीदार होते, नाही म्हणणारं कुणीतरी होतं. ‘झनक झनक’मध्ये (1955) गोपीकृष्णांचा नाच अस्सल आहे, वसंत देसाईंचं संगीतही, पण रंग नाचाच्या पुढे धावतात. ‘नवरंग’बद्दल तर मी फार बोलत नाही. गाण्यांसाठी पाहावा.

पण या दोन रंगीत चित्रपटांच्या मधोमध 1957 मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ येतो, कृष्णधवल. ‘प्रभातनंतर संपला’ म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं. औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाच्या प्रयोगावरून गदिमांनी लिहिलेली कथा. सहा खुनी कैदी, एक जेलर, एक नापीक माळ. रंग नाही, महाल नाही, मग चेहरे आणि माती एवढंच हाती उरतं. बाजारात स्वस्त भाजी विकली म्हणून व्यापाऱ्यांचे गुंड कैद्यांना मारतात आणि हे सहा जण, ज्यांचे हात खुनाने माखलेत, उलटा हात उचलत नाहीत. तो मार पाहवत नाही. ‘अमृतमंथन’मधला दहशतीचा डोळा इथे जेलरच्या नजरेत येतो आणि धाक न राहता विश्वास होतो. तेवीस वर्षांनी तीच प्रतिमा उलटी करून दाखवणारा दिग्दर्शक संपलेला नव्हता. बर्लिन चित्रपट महोत्सवाचं रौप्य अस्वल त्याला उगाच मिळालं नाही. खेळणीवालीची गाणी थोडी लांबतात, एवढं सोडलं तर तक्रार नाही.

‘पिंजरा’ (1972) लोकप्रिय आहे आणि डॉ. लागूंमुळे मोठाही आहे. स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली उभा राहणारा गुरुजी, आणि गावाचा आदर्श टिकावा म्हणून गप्प बसणारा, ही कल्पनाच जबरदस्त. मात्र उत्तरार्ध जिथे लागूंच्या चेहऱ्यावर सोडायला हवा होता, तिथे प्रतीकं पुन्हा पुन्हा ठोकली जातात.

तेव्हा क्रम माझा असा: आधी ‘माणूस’, मग ‘कुंकू’, मग ‘दो आँखें’, आणि हे तिन्ही पचल्यावर ‘पिंजरा’. प्रभातचे हे चित्रपट मराठी आणि हिंदी दोन्हींत झालेत. ‘माणूस’ आणि ‘कुंकू’ मराठीतच पाहा, बोलण्याची धार तिथेच आहे. अपवाद ‘शेजारी’चा (1941). मराठीत गजानन जागीरदार मुसलमान शेजारी मिर्झा आणि केशवराव दाते हिंदू शेजारी जिवबा, दोघांचीही कामं उत्तम. पण हिंदी ‘पडोसी’त हिंदू शेजारी मजहर खान करतात आणि मुसलमान शेजारी जागीरदार. धरणावरचा शेवट नटांच्या धर्मांची ही अदलाबदल मनात ठेवून पाहा, म्हणून तेवढा एक हिंदीत.