मुंबई ते लंडन विमानाने किती अंतर आहे आणि किती वेळ लागतो?

मुंबई ते हीथ्रो (लंडनचा मुख्य विमानतळ) हे सरळ हवाई अंतर साधारण ७,२०० किमी आहे आणि थेट विमानाला जाताना सुमारे १० तास, परत येताना ९ तासांच्या आसपास लागतात. फरक वाऱ्याचा: उंचावरचा जेट प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, म्हणून जाताना तो समोरून येतो, येताना पाठीवर मिळतो. हिवाळ्यात हा फरक जास्त जाणवतो. वेळापत्रकातला वेळ गेट ते गेट असतो. त्यात धावपट्टीपर्यंतची रांगही आली, त्यामुळे ७,२०० ला विमानाच्या ताशी ९०० किमी वेगाने भागून ८ तास काढू नका.

घड्याळाचा घोळ वेगळाच. लंडन हिवाळ्यात साडेपाच तास मागे, मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार तास. दुपारी २ ला निघून १० तास उडालात, तर तिथे हिवाळ्यात संध्याकाळचे ६:३०, उन्हाळ्यात ७:३० वाजलेले असतील.

मात्र एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना हवाई हद्द बंद केल्यावर त्यांच्या विमानांना वळसा पडू लागला, त्यामुळे कंपनीनुसार वेळ बदलतो. तिकिटावरचाच धरा. दुबई किंवा दोहामार्गे गेलात, तर थांबा धरून सहसा १२ तासांच्या पुढेच.